आधी तांब्या, मग टँक

काय गं, एवढी मोठी पिशवी? गॉगल, टोपी, हाताला बांधायचे फुगे... म्हणजे चिरंजीवांचं नाव घातलंस वाटतं टँकवर! साडेतीनचा झाला ना? मग काही हरकत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी म्हणायची, चार वर्षांच्या आत नको. २०१० मध्ये जरा नरमली आणि २०१९ पासून म्हणते, वर्षाच्या पुढे पोर तयार असेल तर करा सुरू. वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवून बुडायचा धोका कमी होतो, याला मात्र पुरावा नाही. माझी धाकटी जाऊ मुलांच्या वॉर्डात नर्स होती, तिच्याकडून कळतं हो हे सगळं.

पण ते फुगे परत करून ये बाई. बारीकसं भोक पडलं की संपलं. आणि पोराला वाटतं, आपल्याला पोहता येतं. मग एक दिवस फुग्यांशिवायच धडाधड उडी. शिवाय फुगे लावले की पोर पाण्यात उभंच तरंगतं, आडवं व्हायचं शिकतच नाही. आमच्या सांगलीकडे पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधायचे. तो पाठीवर, म्हणून पोर आपोआप पोटावर यायचं. वर काठावर काका दोर धरून उभे. एवढं सगळं शहाणपणाचं, आणि मग मागून ढकलून द्यायचे! माझ्या थोरल्या भावाने असा धसका घेतला की अजून कृष्णेच्या घाटावर शेवटच्या पायरीला पाय लावत नाही. कुणी सर ‘टाकून दिलं की येतं’ म्हणाले ना, तर फी भरूच नकोस.

तयारी? ती न्हाणीघरातच करायची गं. डोक्यावरून पाणी घेताना रडतो ना तुझा? ऐकू येतं मला इथपर्यंत! आधी खांद्यावर तांब्या, मग मानेवर, मग डोक्यावर. दर वेळी ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि तीनलाच ओतायचं, फसवायचं नाही. मधूनच तांब्या त्याच्या हातात द्यायचा, ओत म्हणायचं. मग परातीत पाणी घेऊन फुंकर मारून बुडबुडे काढायचे. पाण्यात तोंड घालून श्वास सोडायचा, एवढं जमलं की निम्मं पोहणं आलं. कॉश्च्यूम आणि गॉगल घरातच चार संध्याकाळी घालून नाचू दे. टँकवर आधी नुसतं बघायला ने. तो दणदणाट, शिट्ट्या, ते वास... पहिल्याच दिवशी सगळं एकदम अंगावर आलं तर मोठं माणूससुद्धा बावरेल.

वासावरून आठवलं. टँकवर क्लोरीनचा भपकारा आला की लोक म्हणतात, वा, काय स्वच्छ ठेवलाय! अगं, क्लोरीनची घामाशी आणि लघवीशी गाठ पडली की तो वास सुटतो. म्हणून आधी अंघोळ आणि शू, मग पाणी. जुलाब होत असतील तर पाण्यात सोडायचंच नाही. त्यातला एखादा जंतू असा चिवट असतो की क्लोरीनमध्येसुद्धा दिवसेंदिवस तग धरतो. आणि सरांना विचार, पाणी किती अंशाचं आहे? एवढ्या लहानग्यांना तीस-बत्तीस अंश लागतं. ओठ निळे पडले, दात वाजायला लागले की बाहेर काढ, तास संपायची वाट बघू नकोस.

जरा इकडे ये, हळू बोलते. समोरच्या बंगल्यातलीने सात महिन्यांच्या बाळाच्या गळ्यात फुगवायची रिंग घालून टबात सोडलं होतं, फोटोसाठी! अशाच रिंगमुळे बाळ दगावलं म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये सावध केलंय. वर मला सांगते, ‘काकू, बाळांना जन्मतःच पोहता येतं.’ पोहता कसलं येतंय! तोंडावर पाणी आलं की अगदी तान्ही बाळं आपसूक श्वास रोखतात, एवढंच. काही महिन्यांत तेही जातं.

आणि बुडणारं पोर ओरडत नाही हं. आवाज काढायला श्वासच नसतो. म्हणून पाण्यात असलीस तर हात पोचेल इतक्या अंतरावर राहायचं, आणि मोबाईल पिशवीत. टँकच कशाला? तुमच्या मागच्या दारी ते पिंप उघडं असतं, न्हाणीघरात बादली भरलेली. रांगतं पोर वाकलं की डोकं जड, वर येता येत नाही. बोटभर पाणीसुद्धा पुरतं. तुझा आता मोठा झाला, पण वरच्या मजल्यावरची छकुली परवाच उभी राहायला लागलीये. आज झाकण आण त्या पिंपाला, माझ्याकडे जुनी पाटी आहे, हवी तर ने.

आणि रिंगचं तेवढं तूच सांग तिला. पार्किंगवरून झाल्यापासून आमचं बोलणं नाही.