पायाळू नाना

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत लोक आपणहून लाथ खायला येतात, ते फक्त नानांच्या दारात. नाना पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पायच बाहेर आलेले. अशा माणसानं लाथ मारली की पाठीत भरलेली उसण उतरते, ही आपल्याकडची जुनी समजूत. नाना बँकेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. जन्मानं लागलेल्या नोकरीत मात्र अजून रुजू आहेत.

गिऱ्हाईक ठरलेलं. कुणी लोकलच्या रॅकवर बॅग भिरकावलेली असते, कुणी माळ्यावरून मोदकपात्र काढलेलं असतं, कुणी नुसताच शिंकलेला असतो. चाल सगळ्यांची एकच: एक खांदा वर, मान ताठ, आणि हाक मारली की अख्ख्या अंगानिशी वळणार.

"कुठं?" नाना चष्मा लावून विचारतात.

"इथं, फऱ्याच्या आत. श्वास घेतला की चमक मारते."

मग उलटतपासणी. छातीत दाबल्यासारखं होतं? दम लागतो? हाताला मुंग्या येतात? ताप? पडला होतास? एकाही प्रश्नाला 'हो' आलं की नानांचा पाय जमिनीवरच राहतो. "हे माझ्या पायाचं काम नाही. आधी डॉक्टर गाठ."

उत्तरं पास झाली तर नाना पाय धुऊन येतात, गिऱ्हाइकाला उंबऱ्याकडे तोंड करून उभं करतात आणि तीन लाथा घालतात. पैसे घेत नाहीत. लाथेची पावती कशी फाडणार, हा हेडक्लार्कचा प्रश्न.

खरा अंमल सुरू होतो तो यानंतर. "आज-उद्या बर्फ, फडक्यात गुंडाळून, एका वेळी पंधरा मिनिटं. परवापासून शेक, मिठाची पुरचुंडीही चालेल. कुणाकडून लाटणं फिरवून घ्यायचं नाही. अंथरूण धरायचं नाही, घरातल्या घरात हिंडायचं. खांदे हळूहळू मागं फिरवायचे, कळ येईल तिथं थांबायचं. मोबाइल मांडीवर नाही, डोळ्यांसमोर. आणि पाण्याची बादली दोन आठवडे बायकोनं–"

"मुलानं म्हणा!" आतून नानी.

"–मुलानं उचलायची. पथ्य मोडलंस तर लाथेचा गुण जातो."

या शेवटच्या वाक्याला लोक भितात.

नानांना एकच चिंता आहे: वारस. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळांत तीन-चारच डोकं वर ठेवून बसतात, आणि त्यांतही पाय पुढं करणारी थोडी. त्यात 2000 साली 26 देशांतल्या दोन हजारांवर बायकांची पाहणी 'लॅन्सेट'मध्ये आली. अशा बाळांना सिझेरियन जास्त सुरक्षित, असा तिचा निष्कर्ष. तेव्हापासून डॉक्टर बहुधा तोच मार्ग धरतात. सिझेरियनवाल्यांना नाना पायाळू मानायला तयार नाहीत. "दारानं यावं लागतं. खिडकीतून काढलेल्याला कसला मान?"

तळमजल्यावर एक तरुण फिजिओथेरपिस्ट राहते. तिचं निदान सरळ आहे: मणका आणि फरा यांच्यामधल्या ऱ्हॉम्बॉइडला किंवा त्यावरच्या ट्रॅपिझियसला ताण बसतो, आणि साधा ताण दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरून येतो. व्यायामाचा कागद तीही देते. तो फ्रिजवर चुंबकाखाली लटकतो, आणि पेशंट खालच्या कप्प्यातलं कलिंगड उचलतो.

एकदा ती वर आली. "नाना, तुमचं बाकी सगळं बरोबर आहे. फक्त ती लाथ काढून टाका. दुखऱ्या स्नायूला आणखी मार कशाला?"

"अगं पोरी, पथ्य तुझं नि माझं एकच. तुझे किती जण पाळतात?"

ती गप्प.

"माझे सगळे पाळतात. लाथ पाठीसाठी नसतेच गं. उसण भरलेली असताना बादली उचलायला निघालेल्या डोक्यासाठी असते."

शेवटी तडजोड झाली. नाना आता पाठीला पाय नुसता टेकवतात, आणि ती आपले हट्टी पेशंट कागदासकट त्यांच्याकडे वर धाडते. नानांची लाथ पूर्वीसारखी राहिली नाही, अशी सोसायटीत तक्रार आहे. उसण मात्र पूर्वीइतक्याच दिवसांत उतरते.