अकरा पाउणे सव्वाआठ

आमच्या रेडीत पाण्यावर जाणाऱ्या माणसाला कारण असावं लागतं. मासे, कालवं, रेती, नाहीतर पलीकडच्या तीरावरचं लग्न. यातलं काहीच नसेल तर पलीकडे गोवा आहे, आणि तिथे जे स्वस्त मिळतं ते आणायला जाणं हेही कारणच. मोठ्याने कोणी बोलत नाही, पण सर्वांना मान्य आहे. विनाकारण या गावाने आजवर काही केलेलं नाही. डोंगर खणला तो लोखंडासाठी आणि बंदर बांधलं ते तो डोंगर बोटीत भरण्यासाठी. १९७६ साली खाणीच्या परिसरात द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली, तीसुद्धा खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरला दृष्टान्त झाला म्हणून. देव इथे स्वप्नात आला तरी ड्युटीवरच्या माणसाच्याच येतो. अशा गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या चौघांनी रविवारी सकाळी फळीवर उभं राहून, वल्हं मारत नदीत जायचं आणि काहीही न आणता परत यायचं ठरवलं, तर गावाने त्याचा अर्थ तरी काय लावावा?

फळी पाठवली आमच्या चौघांतल्या भाईंच्या मुलाने. तो मुंबईला असतो. भाईंचा काजूचा कारखाना आहे, भाईंना पोट आहे, आणि डॉक्टरांनी त्यांना 'काहीतरी हालचाल करा' असं सांगितलेलं आहे. मुलाने पाठवलेलं गाठोडं आम्ही आधी तंबू समजलो. दुसरी फळी पेडण्याच्या बाजूला, मांद्र्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फळ्या भाड्याने देणाऱ्या एका ओळखीच्याने सेकंडहँड दिली. तिला दोन ठिकाणी ठिगळं होती. म्हणून ती अण्णांना दिली, कारण अण्णा बँकेतून निवृत्त झालेले असून जोखीम कशी मोजायची ते त्यांना कळतं.

या खेळाला स्टँड अप पॅडलिंग म्हणतात. हवाईतल्या वैकिकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे लोक गेल्या शतकात होडीचं वल्हं घेऊन फळीवर उभे राहायचे, कारण उभ्याने शिकाऊंवर नजर ठेवता येई आणि त्यांचे फोटोही काढता येत. म्हणजे कारण त्यांनाही होतं! पुढे २००० च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नामांकित सर्फरनी त्याचा खेळ केला आणि कारण गेलं. आता आपल्याकडे सर्फिंग फेडरेशन त्याच्या राष्ट्रीय स्पर्धा घेतं, आणि २०२४ च्या मार्चमध्ये मंगळुरूजवळ ससिहित्लूला आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली. ही माहिती आमच्यातल्या मास्तरांनी आम्हाला काढून दिली. शर्यतीला आम्ही कधी जाणार, असंही त्यांनी विचारलं. मास्तर कशातही परीक्षा शोधतात.

फळी फुगवावी लागते. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, सहा इंच जाड, आणि आत १५ पीएसआय दाब. मोटारच्या टायरमध्ये याच्या दुप्पट असतो, त्यामुळे ऐकताना हे फारच सोपं वाटतं. पण मोटारचा टायर आपण हातपंपाने भरत नाही. पंपाचा काटा पहिली काही मिनिटं जागचा हलत नाही. आपण खालीवर, खालीवर करत राहतो आणि काटा शून्यावर बसून आपल्याकडे बघतो. सात-आठावर आला की दांडा खाली जायचं नाकारतो. मग त्यावर पूर्ण वजन टाकावं लागतं. इथे भाईंच्या पोटाचा पहिल्यांदाच सार्वजनिक उपयोग झाला. आम्ही त्यांना फक्त दहाच्या पुढे बोलवायचो.

एकदा कंटाळून पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने फळीभोवती फेरी मारली, "कितक्या सीटचा?" विचारलं, आणि कॉम्प्रेसरची नळी लावायला गेला तर तोंडच बसेना. या फळीच्या तोंडाशी एक छोटी पिन असते. ती दाबून फिरवून वर आणली तरच नळी काढल्यावर हवा आत राहते. पिन खालीच राहिली की अख्खी मेहनत एका सुस्काऱ्यात बाहेर. अण्णांनी एकदा पिन न बघता पंपाची नळी उपटली तेव्हा धक्क्यावरची कुत्री पळाली, एक म्हैस खाडीत उतरली आणि मास्तर "अरे, अरे, अरे" असं म्हणत राहिले, जणू हवा ऐकून थांबणार होती.

हवेपेक्षा पाणी कठीण. तेरेखोल नदी सह्याद्रीतून बांद्यावरून खाली येते. तिचा आमच्याकडचा भाग खाडीच. भरतीला वर चढते, ओहोटीला समुद्राकडे ओढते. किरणपाण्याच्या खाली ओहोटीत सापडलात आणि जोडीला सकाळचा मतलई वारा पाठीशी असला, तर वल्हं न मारताही तेरेखोलच्या किल्ल्याचं दर्शन घडतं, आणि मग अरबी समुद्राचंही. अकराच्या पुढे खारा वारा सुटला की उलट. उभा माणूस म्हणजे शीड, तो आरोंद्याच्या दिशेने आपोआप निघतो. तेव्हा भरतीच्या शेवटच्या तासाला वर जायचं, पाणी थांबलं की वळायचं, ओहोटीबरोबर सावकाश खाली यायचं, आणि खारा वारा सुटायच्या आत घरी चहाला बसायचं. यासाठी भरतीची वेळ नेमकी हवी.

भाईंच्या मुलाने मोबाइलवर ॲप घालून दिलं होतं. अण्णांनी ते उघडलंसुद्धा नाही. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. मालवणच्या जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली हे कॅलेंडर काढलं, तेव्हा त्यावर बघून कोणी फळीवर उभं राहील असं त्यांच्या मनातही आलं नसेल. पण कोकणातल्या माणसाला तिथी कळली की भरती कळते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. लहानपणी ज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी छड्या खाऊन पाठ केली त्यांना त्या छड्यांचं व्याज आता मिळायला लागलं होतं. अण्णा रविवारी पहाटे अंगणात उभे राहून मोठ्याने पाऊणकी म्हणायचे, "अकरा पाउणे सव्वाआठ!" आणि शेजारच्या घरातला दिवा लागायचा.

यातून आम्हाला एक शोध लागला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मऊ. नवमी-दशमीला सकाळी भरती लवकर होते, निघायला उठवत नाही. एकादशीला मात्र भांग नुकताच सरत असतो, ओढ बेताची, आणि भरती सव्वाआठाला. आमच्यासारख्यांसाठी महिन्यातल्या सगळ्यात सोयीच्या सकाळी म्हणजे दोन एकादश्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

धक्क्यावरून उतरणं हा स्वतंत्र विषय आहे, पण तो थोडक्यात आटपतो. चिखल. आरवलीच्या वेतोबाला लोक नवसाच्या चपला वाहतात, आम्ही आमच्या खाडीला वाहिल्या.

मग उभं राहणं. आधी गुडघ्यांवर बसायचं, थोडं पुढे जायचं, मग एक पाय, मग दुसरा, नजर समोरच्या झाडावर. पायांकडे बघितलं की पडलात. भाई पायांकडे बघत नसत, कारण त्यांना पाय दिसतच नाहीत. त्यामुळे चौघांत पहिले तेच उभे राहिले आणि त्याचं श्रेय त्यांनी इच्छाशक्तीला दिलं. मास्तर वल्हं उलटं धरायचे. या वल्ह्याचं पातं दांड्याशी किंचित वाकडं असतं, आणि ते वाकण पुढच्या बाजूला ठेवायचं असतं. चमच्याने वाढायची सवय असलेला कोणीही माणूस ते उलटंच धरतो. पायाला एक दोरी बांधलेली असते, दुसरं टोक फळीला. पडल्यावर फळी दूर जाऊ नये म्हणून. फळी दूर जात नाही हे खरं. ती परत येते आणि डोक्यात बसते.

दोघे पाण्यात असले की उरलेले दोघे धक्क्यावर बसून सूचना करत. पोहायला येत नसल्याने लाइफ जॅकेट न काढणारे अण्णा सूचनांत सगळ्यात पुढे असत.

हे सगळं एक माणूस बघत होता. त्याला आम्ही तातू म्हणतो. तातू पहाटे एका अरुंद डोणीत उभा राहून पाग टाकतो. जाळ्याचा एक पदर दातात, एक कोपरावर, उरलेलं हातात. कंबर एकदा मागे पिळायची आणि पुढे सोडायची. जाळं हवेत गोल उघडतं, शिशाच्या गोळ्या सगळ्या एकाच वेळी पाण्यावर आपटतात, आणि डोण तेवढ्याने इंचभरसुद्धा डोलत नाही. वय सत्तरच्या पुढे. पायात काही नाही, पायाला दोरी नाही, नजर कुठल्या झाडावर वगैरे नाही. विडी तेवढी असते, आणि पाग टाकताना ती कानामागे जाते, कारण दात कामात असतात.

पहिल्या दिवशी आम्ही चिंब होऊन परत आलो तेव्हा त्याने मास्तरांना विचारलं, "काय गावला?"

"काही नाही."

"मगे कित्याक गेल्लास?"

"व्यायाम," मास्तर म्हणाले.

तातूने फळीकडे बघितलं, भाईंकडे बघितलं, परत फळीकडे बघितलं. "हुबे रवाक घराकडे जागा नाय काय?"

याला उत्तर नव्हतं. मास्तरांनी शांतता, निसर्ग, कांदळवन असं काहीतरी सुरू केलं. तातूच्या चेहऱ्यावर मोठी काळजी उमटली. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तेंच्या घरच्यांका म्हायती आसा?"

कांदळवन मास्तरांनी उगाच आणलं नव्हतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. आम्ही तिथे एकदा गेलो होतो. कांदळ कुठला, तिवर कुठली, चिपी कुठली हे त्यांनी इतक्या ठसक्यात सांगितलं की मास्तर वही काढून लिहून घेत होते. पण त्या बायकांच्या वल्हं मारण्याला संसाराचं कारण आहे. आमच्या वल्ह्याला गावात कोणी तसं मानायला तयार नव्हतं. बाजारात "खंय, फळयेवर?" असं विचारून लोक हसत. खुद्द माझ्या घरी "आज पडायला किती वाजता निघायचं?" असं विचारलं जाई.

बरं, वाट तरी ऐतिहासिक. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गोवा. पण तेरेखोलचा किल्ला अलीकडच्या तीरावर असूनही गोव्यात, कारण १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला. त्याच वेळी त्यांनी आमचा रेडीचा यशवंतगडही घेतला होता, तो पुढे सुटला, १८१९ ला इंग्रजांकडे गेला, आणि आता झाडांच्या मुळांकडे आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात घुसून तिरंगा लावून आले. एवढी रक्ताची आणि घामाची हद्द. तिच्यावर भाई वळताना आडवे झाले, ते डोकं गोव्यात आणि पाय महाराष्ट्रात असे. वर आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "मगर तर नाही ना?" नदीच्या वरच्या अंगाला, बांद्याच्या बाजूला मगरी दिसल्याच्या बातम्या पेपरात येत असतात. अण्णा धक्क्यावरून ओरडले, "खाऱ्या पाण्यात येत नाहीत!" मास्तर ओरडले, "येऊ शकतात!" भाई फळीवर ज्या वेगाने चढले तो पुन्हा कधी साधला नाही.

शेवटी गावापुढे नमतं घ्यायचं ठरलं. फळीच्या पुढच्या टोकाला ताणून बांधायचे पट्टे असतात, तिथे अण्णांनी भाजीचा एक प्लास्टिकचा क्रेट बसवला. परतताना तातूच्या डोणीजवळ थांबायचं, त्याच्याकडून कुर्ल्या, एखादी तांबोशी विकत घ्यायची, क्रेटमध्ये टाकायची, आणि धक्क्यावर उतरताना क्रेट पुढे धरून चालायचं. काय गावला? हे बघा! त्या दिवसापासून सगळं बदललं. हसणं बंद. एकाने फळीची किंमत विचारली. माझ्या घरी तांबोशीचं तिखलं झालं आणि 'पुढच्या वेळी थोडी मोठी पकडा' अशी सूचना आली. तातूने मात्र भाव वाढवला. माशांचे वेगळे आणि गप रवाचे वेगळे, असा त्याचा साधा हिशेब होता. अण्णांनी घासाघीस केली नाही. बँकेत असताना त्यांनी याहून वाईट व्यवहार मंजूर केलेत, असं ते स्वतःच म्हणाले.

आणि मग एकादशी रविवारी आली. पाणी सुरेख, भरती सव्वाआठाला, भांगानंतरची मऊ नदी. आणि क्रेट घेऊन निघाल्यावर मागून आवाज आला, "आज म्हावरा आणलात तर घरात घेणार नाही!" चारही घरांत तेच. गावभर तेच. ज्या दिवशी पाणी सगळ्यात चांगलं, त्याच दिवशी आमचं कारण उपासाला.

आम्ही गेलो. क्रेट नाही, काही नाही. तातू धक्क्यावर बसला होता. तोही एकादशीला पाग टाकत नाही. परत आलो तेव्हा त्याने सवयीने विचारलं, "काय गावला?"

कोणाला काही सुचेना. मग अण्णा म्हणाले, "आज एकादशी, तातू."

तातूने विडी कानामागे ठेवली. आमच्याकडे, फळीकडे, आमच्या उपाशी तोंडांकडे त्याने बराच वेळ बघितलं. "असा सांगा मां पयल्यानच," तो म्हणाला. "हुब्यान करूचा व्रत आसा तर. माका काय म्हायत!"

दुपारपर्यंत हे सगळ्या वाडीला कळलं. संध्याकाळी एका म्हातारीने माझ्या बायकोला विचारलं की हे व्रत बायकांनी केलं तर चालतं का, आणि उद्यापनाला किती माणसं जेवायला घालायची.

पुढची एकादशी सोमवारी आली. मास्तरांनी किरकोळ रजा टाकली. धक्क्यावर तातूबरोबर आणखी पाच-सहा माणसं होती, एकाच्या हातात नारळ. अण्णांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाण्याच्या मधोमध सरळ उभं राहता आलं होतं. ते समोर आले तसं तातूने डोक्याचं फडकं काढलं आणि हात जोडले. त्याच्याबरोबर बाकीच्यांनीही जोडले.

अण्णा संस्कारी माणूस. त्यांनी वल्हं सोडून दोन्ही हात जोडले.