चिपी ते गोंदिया, हवेतल्या हवेत

मालवणचे भूगोलाचे निवृत्त गुरुजी भाचीच्या लग्नाला गोंदियाला निघाले आणि पहिल्यांदा त्यांनी माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला. एक बोट चिपी विमानतळावर, दुसरं गोंदियाजवळच्या बिरसीवर, मधे ताणलेला दोरा. पृथ्वीच्या पाठीवरचं सर्वांत जवळचं अंतर असंच मिळतं, हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. पण तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर हा सगळा पल्ला दोन सेंटिमीटरांत आटोपला आणि गुरुजींची दोन्ही बोटं एकमेकांवर चढली.

पुतण्याने मोबाईल काढला. उत्तर तयार होतं: अंतर सुमारे ९४० किलोमीटर, वेळ १ तास ४० मिनिटं.

"म्हणजे सकाळी घावणे खाऊन निघालो, तर दुपारच्या पंगतीला हजर!" गुरुजी खूश.

या हिशेबाची मेख साधी असते. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, मधलं अंतर काढायचं, त्याला जेटच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. त्या वाटेने विमान जातं का, ही चौकशी त्यात बसत नाही. चिपीहून बिरसीला थेट विमान नाही.

"काकानू, विमानच नाय तर येळ कित्याक मोजतास?" पुतण्याने विचारलं.

गुरुजींनी ऐकलं नाही. ते सागरी मैलांत शिरले होते. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, म्हणजेच अक्षांशाचं एक मिनिट. त्या मापाने गोंदिया ५०८ मैलांवर आलं. आकडा लहान झाल्यामुळे त्यांना गाव जवळ आल्यासारखं वाटलं.

पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं, त्यामुळे ते मिळालं तरी दोन तास सहज जाणार. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची. धावपट्टीकडे रांगत जाणंही त्यात आलं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण जेमतेम पावणेतीन किलोमीटरचं आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली आहेत आणि वारा पाठीशी असला तर ते मिनिटाच्या आतही उरकतं. तिथे पट्टा बांधायलाच जास्त वेळ लागत असणार.

शेवटी पुतण्याने वाट शोधली: हैदराबाद. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदिया हैदराबादला जोडलं, २०२४ मध्ये फ्लाय९१ ने सिंधुदुर्ग, म्हणजे आपलं चिपी. चिपी-हैदराबाद सुमारे ५४०, हैदराबाद-बिरसी ५१५, बेरीज १,०५५. म्हणजे महाराष्ट्रातून महाराष्ट्रात तेलंगणामार्गे जायचं, तरी वळसा फक्त ११५ किलोमीटरचा! गुरुजींनी टाळी दिली. मग पुतण्याने दोन विमानांच्या मधला वेळ विचारला, जोडणी हुकली तर मुक्कामाचा खर्च विचारला, आणि टाळीचा हात हळूच खाली आला.

त्याच संध्याकाळी कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं निघाली. अंतर तेराशे किलोमीटरहून जास्त, वेळ साधारण २८ तास, सगळा प्रवास एकाच राज्यात. गाडी कोल्हापूरहून दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला पोचते. तेव्हा जाणाऱ्याने दोन वेळचा डबा बरोबर ठेवावा.