बी-ट्वेल्व्हची गोळी घेण्याचा यथासांग विधी

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पायाला मुंग्या आल्या की शेजारी वात सांगतात आणि भाचा बी-ट्वेल्व्हची कमतरता. हा विधी भाच्याच्या बाजूचा, पण लिहिलाय मामांसाठी. मामा म्हणजे संगमनेर-राहात्याकडचे माळकरी गृहस्थ: गोठ्यात चार गायी, सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी.

नियम पहिला: आधी रक्त, मग गोळी. मामा नेमकं उलट करतात. मेडिकलवाल्याकडून ‘ताकदीची’ कॅप्सूल आणून पंधरा दिवस गिळतात आणि मग लॅब गाठतात. आकडा फुगलेला येतो, मूळची कमतरता कळतच नाही. मधल्या काळात लघवी पिवळीधमक झाली की जाहीर होतं, ‘औषध लागू पडलं!’ तो रंग कॅप्सूलमधल्या बी-टूचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. जास्तीचं शरीराने बाहेर टाकलं, एवढाच त्याचा अर्थ.

नियम दुसरा: मोठ्या आकड्याने दबकू नये. आयसीएमआरने २०२० मध्ये प्रौढांची रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम सांगितली. पट्टीवर असतात १५००. आतडं एका वेळी रीतसर दीड-दोनच घेतं, उरलेल्यातलं शंभरात एखादं झिरपतं. म्हणून आकडा एवढा.

नियम तिसरा: इंजेक्शनच्या लाल रंगाने रक्त वाढत नाही. तो रंग बी-ट्वेल्व्हचा स्वतःचाच, त्याच्या रेणूत कोबाल्ट असतं.

नियम चौथा: साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावं, तिच्यामुळेही बी-ट्वेल्व्ह घटतं. आणि कॅप्सूलमधलं बी-सिक्स बघावं. ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने पोटात गेलं तर हातपाय बधिर होतात. ज्यासाठी गोळी सुरू केली, तेच दुखणं गोळी घरी आणते.

नियम पाचवा: मामांशी वाद घालताना तयारीने बसावं. बी-ट्वेल्व्ह मांसाहारातून मिळतं म्हटलं की ‘गाय कुठं मटण खाते?’ हा त्यांचा हुकमी प्रश्न. प्रश्न चांगला आहे. बी-ट्वेल्व्ह ना झाड बनवतं ना प्राणी, बनवतात जिवाणू. गायीच्या पहिल्या पोटात त्यांचा कारखानाच असतो, चाऱ्यातलं कोबाल्ट मिळालं की झालं. तिथून ते दुधात उतरतं, पेलाभर दुधात सुमारे एक मायक्रोग्रॅम. मोड आलेल्या मटकीत शून्य.

आता खरी तक्रार. मामांना गायीच्या दुधाचं फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) ८.५ झोपेतही आठवतं, कारण संकलन केंद्रावर दर त्यावरच ठरतो. पहाटे किटली भरते, केंद्रावर रिकामी होते, आणि घरात उरतं ते चहापुरतं. पट्टीचे पैसे दुधाच्या पगारातूनच जातात. तेव्हा नियम सहावा: किटलीचं झाकण लावण्याआधी घरच्या प्रत्येक माणसामागे पेला-दोन पेले काढावेत. फार वेळ आटवू नये, उकळून उकळून बी-ट्वेल्व्ह घटतं. कमतरता आधीच झाली असेल तर मात्र पेल्यावर भागत नाही, गोळी चुकवू नये.

पण स्वतःसाठी काढलेला पेला मामी नातवाला देतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिकजणींच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. मामींचं रक्त अजून कुणी तपासलेलं नाही. त्यांना थकवा येतो का, असं कुणी विचारलेलंही नाही. लॅबच्या पुढच्या खेपेला मोटारसायकलवर मागे त्यांना बसवावं, आणि रिपोर्टही आधी त्यांचाच उघडावा.