मांडव घातलाच आहे तर…

जुन्या डिझेल गाडीचा क्लच गेला की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "फक्त प्लेट टाका, बाकी कशाला हात लावू नका." मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं : "आता उघडलंच आहे तर फ्लायव्हीलपण बघून घेऊ." त्यानंतर मालकाच्या मनात मिस्त्रीच्या पूर्वजांविषयी जे विचार येतात ते छापण्याजोगे नसतात. डॉक्टर, वकील आणि गॅरेजवाला बोलू लागला की खिशावर हात ठेवायची आपली रीत आहे, आणि ती काही उगाच पडलेली नाही. तरीही माझं म्हणणं असं की, निदान क्लचच्या बाबतीत मिस्त्रीचं बरोबर असतं आणि काटकसरी मालकाचं चुकतं. थोरलीच्या लग्नाचा मांडव घातलाच आहे तर त्यातच धाकट्याची मुंज उरकणारी आपण माणसं. गिअरबॉक्स खाली उतरल्यावर मात्र हे पिढीजात शहाणपण नेमकं कुठे रजेवर जातं, कळत नाही.

उदाहरणादाखल टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ. मर्सिडीजने १९७७ साली युरोपात आणलेल्या व्हॅनवरून बजाज टेम्पोने ती १९८७ मध्ये इथे उभी केली. २००५ मध्ये कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, पण अष्टविनायकाला निघालेल्या मंडळींनी त्याची अजून दखल घेतलेली नाही. अशा गाडीत चार सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. स्फोट झाला की क्रँक उसळते आणि पुढच्या सिलिंडरात हवा दाबायची पाळी आली की तिचा उत्साह मावळतो. डिझेलला स्पार्क प्लग नाही. निव्वळ दाबून हवा इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावं. म्हणून ती जुन्या इंजिनांत वीसेक पट दाबली जाते आणि हे रुसवेफुगवे पेट्रोलपेक्षा बरेच जोरात होतात. ते पोटात घालून चाकांपर्यंत पोचू न देणं हे फ्लायव्हीलचं काम, त्यासाठीच त्याला वजन दिलेलं असतं. क्लचप्लेट याच फ्लायव्हीलला चिकटून बसते. एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला प्रेशरप्लेट. झिजायचं काम तिचं, म्हणून बिलावर नावही तिचंच येतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मोठ्या आत्मविश्वासाने येतो : "अहो, ओतीव लोखंड ते, त्याला काय धाड भरली आहे?" धाड बोरघाटात भरते. पुढे ट्रकांची रांग, गाडी चढावर, मागे सतरा माणसं आणि त्यांचे डबे. अशा वेळी हँडब्रेक ओढणं हे ड्रायव्हरला कमीपणाचं वाटतं. तो हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो आणि त्या कौशल्याबद्दल मागच्या सीटवरून कौतुकही मिळवतो. तोलून धरलेली ती सगळी ताकद उष्णता होऊन घर्षणाच्या पृष्ठभागांत जिरते, आणि तिचा मोठा वाटा फ्लायव्हील गिळतं. मग त्याच्यावर निळे डाग पडतात, केसाएवढ्या चिरा जातात. निळ्या डागाखालचं लोखंड आजूबाजूच्या लोखंडापेक्षा कडक झालेलं असतं. लेथवर फेस मारायला दिलं तर टूल मऊ भाग बिनतक्रार कापतं आणि कडक ठिपक्यावरून अंग चोरून पुढे जातं. वर चकाकी येते, उंचवटे तसेच राहतात. त्यांच्यावर नवी कोरी प्लेट बसवली की पहिला गिअर टाकताच गाडी थडथडते आणि मालक म्हणतो, प्लेट डुप्लिकेट निघाली.

डाग घासून नीट काढायचे तर ग्राइंडिंग हवं, आणि तेही एका मर्यादेत. जाडी कमी झाली की उष्णता साठवायची कुवत कमी होते, म्हणजे फ्लायव्हील पुढच्या घाटात आणखी लवकर तापतं. काही फ्लायव्हीलना प्रेशरप्लेट बसते तिथे पायरी असते. टर्नरने फक्त आतला भाग खाली घेतला आणि पायरी तशीच ठेवली तर प्रेशरप्लेटचा दाब घटतो. अशी गाडी नव्या प्लेटवरही क्लच स्लिप करते. शिवाय कडेच्या रिंग गिअरचे दात बघावेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा दोनच ठिकाणी येऊन थांबतं, त्यामुळे स्टार्टर कायम त्याच दातांना छळतो. उरलेले दात निवृत्तीपर्यंत नवे राहतात. (सरकारी कचेरीची आठवण येणाऱ्यांनी ती स्वतःपाशी ठेवावी.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उघडलंच आहे तर सगळं बदला, हा हिशोब मूळचा युरोपातला. तिथे मजुरी तासावर आणि तास महाग. आपल्याकडे गिअरबॉक्स दोन पोरं छातीवर तोलून उतरवतात, त्यांची मजुरी फ्लायव्हीलच्या किमतीपुढे किरकोळ असते. मग पुन्हा उतरवावा लागला तर बिघडलं कुठे? मजुरीपुरतं हे खरं आहे. पण ट्रॅव्हलर ही भाड्यावर जगणारी गाडी. ती गॅरेजात उभी राहिली की भाडं बुडतं, आणि लग्नसराईत बुडालेलं भाडं आषाढात भरून निघत नाही. त्यात क्लच जाण्याचा मुहूर्त गॅरेजच्या दारात क्वचितच लागतो; तो चढावर जातो, कारण ताण तिथेच पडतो. टोचन करून आणण्याचा खर्च, दुसरी गाडी मागवून वऱ्हाड पोचवण्याचा खर्च आणि नवरदेवाच्या मामांचं बोलणं यांची बेरीज मजुरीत धरायला हवी, मग युरोपाचा हिशोब इथेही चुकत नाही.

"गाडीचीच किंमत आता काय उरली आहे?" असंही विचारतात. गाडी विकायची असेल तर प्रश्न बरोबर आहे, आणि मग प्लेटसुद्धा टाकू नये. चालवायची असेल तर तिची बाजारातली किंमत इथे गैरलागू. तेवढंच काम करणारी दुसरी गाडी कितीला पडेल, ते बघायचं.

यावरून दिसेल ते फ्लायव्हील बदला, असं मी म्हणत नाही. पट्टी आणि फिलर गेज लावून सपाटी बघावी, डायल लावून डोलतंय का ते बघावं, जाडी मोजावी. पास झालं तर तेच बसवावं. फोर्ड ट्रान्झिटसारख्या नंतरच्या युरोपीय व्हॅनमधल्या ड्युअल मास फ्लायव्हीलची गोष्ट वेगळी. त्याच्या दोन भागांमध्ये स्प्रिंगा असतात, त्या ढिल्या पडल्या की लेथ काही करू शकत नाही. तिथे साधं एकसंध फ्लायव्हील बसवायचे किटही मिळतात, पण मग थरथर सोसायचं काम प्लेटच्या स्प्रिंगांवर येतं आणि गिअरबॉक्स खडखडून निषेध नोंदवतो.

मिस्त्री या मांडवात आणखी काय काय उरकू पाहील, ही भीती उरतेच. तिला एक साधी कसोटी आहे : ती वस्तू गिअरबॉक्स न उतरवता बदलता येते का? रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील येत नाहीत, तेव्हा त्यांना खुशाल आत घ्यावं. सील गळून नव्या प्लेटवर तेल आलं तर सगळाच खर्च पाण्यात. सायलेन्सर, रेडिएटरचा होज आणि सीट कव्हर कुठल्याही सोमवारी बदलता येतात.