ऑफिस टाइम

शहापूर-मुरबाडकडे दर दोन-तीन गावांमागे एक नाना सापडतातच. निवृत्त तरी असतात, नाहीतर निवडणुकीत पडलेले. एरवी पारावर पेपर वाचणारे नाना ‘समिती येणार’ हे दोन शब्द कानावर पडले की उठतात आणि थेट चुन्याची पिशवी शोधायला लागतात.

समित्यांशी त्यांची ओळख जुनी. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटलांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा नानांनी झाडांच्या बुंध्यांना पहिल्यांदा गेरू-चुना फासला. २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ आलं आणि पंचमहाभूतं गुणांच्या तक्त्यात जाऊन बसली. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश. पैकी चार गावात भरपूर. वैशाखात अग्नी तर जरा जास्तच.

अडतं ते जलाशी. तानसा धरण १८९२चं, भातसा पुष्कळ नंतरचं. दोन्ही शहापूर तालुक्यात आणि दोन्हींचं पाणी मुंबईच्या नळांना. इकडे पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं, त्याला नाना हमखास जातात. लोक फुलांचे फोटो काढतात, नाना कुंड्यांखालची ओल न्याहाळतात. शेजारच्या अनोळखी बाईंना सांगतात, “पाणी आमच्याकडचं आहे बरं का.”

ग्रामपंचायतीपुढची त्यांची बाग मात्र भांडी विसळलेल्या पाण्यावर. आळीत कुणी चूळ भरायला ओटीवर आलं, तरी नाना तसराळं घेऊन उभे. बोगनवेल आणि सदाफुलीवर त्यांचा भारी जीव, कारण पाण्यावाचूनही ती हजेरी लावतात. मोगऱ्यावर भरवसा नाही. तो फुलायच्या आत पहाटेच त्याच्या कळ्या खुडल्या जातात. रंगवलेल्या टायरांत झेंडू उभा असतो, तोही नर्सरीच्या पिशवीसकट. तपासणी झाली की परत करायच्या बोलीवर आणलेला.

यंदाचं आकर्षण चिनी गुलाबाचं. त्यालाच लोक ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, कारण ऊन वर आलं की दहाच्या सुमाराला तो उमलतो आणि दुपार कलली की मिटतो. नानांनी या रोपांचं ‘स्वागतम्’ लिहिलं. साडेदहाला समिती येणार होती. साडेदहाला सगळी अक्षरं गुलाबी-पिवळी झाली, पाय मोडलेल्या ‘म्’सकट.

समिती आली साडेचारला.

“फुलं कुठंयत?” साहेबांनी विचारलं.

“ऑफिस टाइम आहेत, साहेब. दहाला आली होती. वाट बघून गेली.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी रकान्यात काहीतरी लिहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. तांब्या आला. साहेबांनी अर्धा पेला पिऊन उरलेलं ओतायला हात बाजूला नेला, तेवढ्यात नानांनी सदाफुलीची कुंडी पायानेच खाली सरकवली.