औदुंबराची प्रदक्षिणा, व्हाया आमचं फाटक

शेजाऱ्याच्या झाडाचा त्रास नशिबी असलाच, तर ते झाड शेवग्याचं असावं. वळवाच्या पहिल्या वाऱ्याला निम्मं आपणच मोडून पडतं आणि शेंगा आपल्या आमटीत येतात. आंबा असला तर मे महिन्यात तक्रारीचा सूर आपसूक खाली येतो. आमच्या वाट्याला आला उंबर, आणि तोही सांगलीत. म्हणजे एकीकडे नरसोबाची वाडी, दुसरीकडे औदुंबर, आणि मधे आमच्या कुंपणाच्या भिंतीला खेटून अण्णांचा हा.

‘अण्णांचा’ हे आपलं उताऱ्यापुरतं. अण्णांना काही म्हणायला जावं तर ते हात झटकतात. “मी कुठं लावलाय? पाखरानं लावला. पाखराला विचारा.” हे शास्त्राला धरून आहे, त्यामुळं वाद घालता येत नाही. उंबराचं बी पाखराच्या पोटातून येतं आणि टीचभर मातीत, भिंतीच्या भेगेतसुद्धा रुजतं. पाखरं तर आमच्याकडं सगळी येतात. तांबट सकाळपासून टुकटुक करतो, बुलबुल भांडतात, कोकिळा खाऊन जातात. दिवसपाळी संपली की वटवाघळांची रातपाळी सुरू होते.

उंबराचं फळ फांदीच्या शेंड्याला नाही, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसांनी लगडतं, आणि तेही वर्षातून अनेकदा. त्यामुळं ‘हंगाम संपला की बघू’ म्हणायचीही सोय नाही. पिकली की टपटप सुरू. पहाटे ओसरीवर गेलं तर फरशीवर लालसर गर, वटवाघळांनी चोखून टाकलेले चोथे, आणि गेल्या दिवाळीला दिलेल्या पांढऱ्या रंगावर वरपासून खालपर्यंत ओघळ. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात. आमच्याकडं ती न काढता निघतात. फळ फरशीवर आपटून फुटतं आणि आतली चिलटं थेट आईच्या चहाच्या कपाकडं निघतात.

पण आईपुढं झाडाबद्दल वावगा शब्द काढायची सोय नाही. गुरुचरित्राचा १९वा अध्याय तिला पाठ आहे. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांना विषाचा दाह सुटला, तो शमला उंबराच्या फळांनी. “आणि तुझी फरशी खराब होते!” एवढंच ती म्हणते आणि कप पदरानं झाकते. याला उत्तर काय द्यायचं? शिवाय गल्लीत कुणाला गालगुंड झालं की चिकासाठी, उन्हाळी लागली की मुळाच्या पाण्यासाठी माणसं याच झाडाकडं येतात. चीक काढायला बरी पडणारी फांदी नेमकी आमच्या अंगणात उतरली आहे, हा अर्थातच दत्तगुरूंचा संकेत.

मग उरला कायदा. महाराष्ट्राच्या नागरी भागात झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. २०२१ साली त्यात आणखी भर पडली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ आणि झाड तोडायचंच तर त्याचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. पर्यावरणाच्या दृष्टीनं हे उत्तमच आहे, माझी काही तक्रार नाही. तक्रार अण्णांबद्दल आहे. हा बदल पेपरात वाचल्यापासून त्यांचं झाड भराभर म्हातारं व्हायला लागलं. “असेल तीस-एक वर्षांचं” असं म्हणणारे अण्णा पुढच्या पावसाळ्यात “चाळिशी उलटली” म्हणाले, आणि परवा तर त्यांनी स्वतःच्या मुंजीचं जेवण त्याच्या सावलीत वाढलं. त्यांच्या मुंजीला ही कॉलनी नव्हती, इथं ऊस होता.

खरी गंमत अशी की झाड अण्णांनाही नकोय. त्यांच्या टाकीत पाला, गच्चीवर वटवाघळं, काकूंच्या वाळवणावर उंबरं. पण पाप कुणी घ्यायचं? “तुम्ही अर्ज करा, माझी हरकत नाही,” असं ते मला जिन्यात हळूच सांगतात. मी कागद पुढं केला की, “सही तेवढी नको.” शेवटी फक्त फांद्या छाटायचा अर्ज केला. रीतसर पाहणी झाली, परवानगी आली, माणसं कोयते घेऊन आली, आणि तो निघाला गुरुवार. खोडाला गुंडाळलेलं सूत आणि बुंध्याशी जळणारी उदबत्ती बघून त्यांच्यातल्या म्होरक्यानं चपला काढल्या, नमस्कार केला आणि सगळे परत गेले. शुक्रवारी आले ते छाटून गेले. उंबराला छाटणी मानवते. पुढच्या पावसात एकेका खुंटाला झुबकेच्या झुबके फुटवे आले.

गुरुवारची प्रदक्षिणा हे तर वेगळंच प्रकरण. झाड भिंतीला चिकटलेलं, त्यामुळं त्याच्याभोवती फिरायला वाट नाही. भाविकांनी आपली वाट काढली. अण्णांचं फाटक, रस्ता, आमचं फाटक, आमचं अंगण, मागच्या दारानं बोळ, बोळातून पुन्हा अण्णांचं परसदार. ही झाली एक. अकरा घालणारी मंडळी आहेत. संध्याकाळी मी बनियनवर पेपर वाचत बसलेला असतो आणि पुढून बायका नाम घेत जातात. एका आजींनी पाचव्या फेरीला मला पाणी मागितलं, सहावीला पंख्याचा वेग वाढवायला सांगितला.

आता मुळांनी भिंत फुगवली आहे. गवंडी म्हणतो, दहा फुटांचा तुकडा पाडून नव्यानं बांधावा लागेल. अण्णा तातडीनं आले. “पाडायचीच आहे तर झाडाच्या दोन्ही अंगांना एकेक दार ठेवू. एक जायला, एक यायला. लोकांचा फेरा वाचेल. खर्च निम्मा-निम्मा.” आई लगेच हो म्हणाली. सध्या गाडं अडलंय ते कड्यांवर. अण्णा म्हणतात, दोन्ही कड्या आमच्या बाजूनं हव्यात, झाड आमचं आहे.